दोघांनाही वार लागला, तर जिंकलं कोण? ऐतिहासिक तलवारबाजीतले गुण आणि सुरक्षेचे नियम

सिनेमातली तलवारबाजी दहा-दहा मिनिटं चालते. स्पर्धेतली एक झटापट बहुतेक वेळा दोन-तीन सेकंदांत संपते. मग खरे प्रश्न सुरू होतात. वार आधी कुणाचा लागला? कुठं लागला? आणि मारणारा स्वतः वाचला का? युरोपात गेल्या तीसेक वर्षांत वाढलेल्या ‘ऐतिहासिक तलवारबाजी’ या खेळात या प्रश्नांवर बरीच डोकेफोड झाली आहे. बेळगाव, कोल्हापूर भागात शिवजयंतीला मर्दानी खेळ पाहणाऱ्या आणि गोव्यातल्या २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत गटका पाहिलेल्या वाचकांनाही ही माहिती उपयोगी पडेल. कारण हत्यार कुठलंही असो, गुण कशाला द्यायचे हे ठरलं की खेळाडू किती धोका पत्करणार हेही ठरतं.

हा खेळ नेमका कोणता?

‘हिस्टॉरिकल युरोपियन मार्शल आर्ट्स’ हे त्याचं पूर्ण नाव. आद्याक्षरं जोडून सगळे त्याला ‘हेमा’ म्हणतात. युरोपातल्या जुन्या उस्तादांनी आपली विद्या सचित्र पोथ्यांत लिहून ठेवली होती. त्या वाचून, करून पाहून ती विद्या पुन्हा उभी करायची, हा या खेळाचा पाया. लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची अशी एक पोथी आहे. तिच्यात एक धर्मगुरू शिष्याला तलवार आणि छोट्या ढालीचे डाव शिकवताना दिसतो. इटलीच्या फिओरे दे लिबेरी यांचं पुस्तक साधारण १४१० चं, तर जर्मन परंपरेतले योआखिम मेयर यांचं छापील पुस्तक १५७० चं.

१९९० च्या दशकात ठिकठिकाणी मंडळं निघाली आणि पुढं स्पर्धाही सुरू झाल्या. स्वीडनमधल्या गोथेनबर्गची ‘स्वोर्डफिश’ स्पर्धा २००६ पासूनची. सर्वांत लोकप्रिय हत्यार म्हणजे ‘लाँगसोर्ड’, अर्थात दोन्ही हातांनी धरायची सरळ, दुधारी तलवार. स्पर्धेत तिच्या जागी ‘फेडर’ वापरतात. हे पोलादी, पण बोथट आणि लवचिक पात्याचं सरावाचं हत्यार. वजन साधारण सव्वा ते दीड किलो. टोक गोल वळवलेलं, चपटं केलेलं किंवा रबरी टोपण बसवलेलं असतं.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. ऑलिंपिकमधल्या फेन्सिंगला आंतरराष्ट्रीय महासंघाची एकच नियमपुस्तिका आहे. हेमाला तशी नाही. प्रत्येक स्पर्धेचे आयोजक आपापले नियम जाहीर करतात. तरी त्यांचा साचा बराचसा सारखा आहे. पुढं दिलंय ते त्या साच्याबद्दल.

लढत कशी चालते?

रिंगणात दोन खेळाडू, एक लाल आणि एक निळा. मध्ये मुख्य पंच, बाजूला दोन किंवा चार साहाय्यक पंच, त्यांच्या हातात लाल आणि निळे झेंडे. वार लागला असं वाटलं की मुख्य पंच ‘थांबा’ म्हणतो. साहाय्यक झेंडे दाखवून सांगतात, वार कुणाचा आणि कुठं लागला. गुण नोंदवले जातात आणि पुन्हा सुरुवात होते. ठरलेले गुण पूर्ण झाले किंवा वेळ संपली की लढत संपते.

फेन्सिंगमध्ये पंचाच्या मदतीला वीज असते. तिथल्या ‘एपे’ प्रकारात दोघांचे वार सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत लागले, तर दोन्ही दिवे पेटतात आणि दोघांनाही गुण मिळतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये भवानी देवी ही भारताची पहिली ऑलिंपिक फेन्सर ‘सेबर’ प्रकारात खेळली. त्या प्रकारात दोन्ही दिवे पेटले, तर चढाईचा हक्क कुणाचा होता हे पंच ठरवतो. हेमात दिवा नाही. का? कारण तिथं नुसता स्पर्श पुरत नाही. वार धारेनंच लागला पाहिजे, पात्याची सपाट बाजू लागली तर गुण नाही. हात फिरवून, अंतर घेऊन मारलेला वार हवा. टोकाचा वार असेल तर टोक नीट रुतून पातं वाकायला हवं, घसरून गेलेलं चालत नाही. हे यंत्राला कळत नाही, माणसाच्या डोळ्यालाच कळतं. म्हणूनच ‘मला लागला’ हे खेळाडूनं स्वतःहून सांगण्याला या खेळात मोठा मान आहे.

गुण कसे देतात?

अनेक स्पर्धांत शरीराचे दोन भाग मानतात.

- डोकं आणि धड: जास्त गुण, समजा २.
- हात आणि पाय: कमी गुण, समजा १.
- प्रतिस्पर्ध्याचं हत्यार काढून घेतलं किंवा त्याला ताब्यात ठेवून जमिनीवर पाडलं, तर काही ठिकाणी वेगळे गुण. काही ठिकाणी पाडापाडीला बंदीच.

यामागचा हिशोब साधा आहे. खरी, धारदार तलवार असती तर कुठला वार जास्त घातक ठरला असता? पण गुणांचा आकडा बदलला की खेळही बदलतो. हाताला आणि डोक्याला सारखेच गुण दिले, तर सगळे लांबून बोटांवर मारायला लागतात, कारण हात सर्वांत जवळचं लक्ष्य. आणि बोटं मोडणं ही या खेळातली नेहमीची दुखापत. उलट डोक्यालाच फार गुण दिले, तर जो तो डोक्यावर घण घातल्यासारखा मारत सुटतो. आयोजकांना या दोन टोकांच्या मधली वाट काढावी लागते.

दुहेरी वार आणि परतीचा वार

आता सर्वांत अवघड भाग. खऱ्या तलवारीच्या लढाईत ‘मी मारलं, पण मलाही लागलं’ याला विजय म्हणत नाहीत. दोघंही गेले. बोथट तलवारीला मात्र कुणी मरत नाही, त्यामुळं स्वतःचा बचाव सोडून नुसतं मारत सुटण्याचा मोह होतो. तो आवरण्यासाठी दोन संकल्पना आहेत.

‘दुहेरी वार’ म्हणजे दोघांनी एकाच वेळी मारलं आणि दोघांनाही लागलं. बहुतेक ठिकाणी त्याला गुण देत नाहीत, पण नोंद ठेवतात. असे वार ठरावीक संख्येपर्यंत, अनेक ठिकाणी तीनपर्यंत पोचले, की दोघंही हरले असं जाहीर होतं. हा नियम नसेल तर काय होईल? आघाडीवर असलेला खेळाडू मुद्दाम दुहेरी वार घडवत वेळ काढील. नियम असला की दोघांनाही स्वतःचा जीव वाचवायची काळजी घ्यावी लागते.

‘परतीचा वार’ म्हणजे ज्याला लागलं त्यानं लगोलग, एका हालचालीत, पंच ‘थांबा’ म्हणायच्या आत मारलेला वार. हा नियम सांगतो की वार करून सुरक्षित बाहेर पडणं हाही कौशल्याचाच भाग आहे. त्याचा हिशोब दोन पद्धतींनी होतो.

समजा लालनं निळ्याच्या हाताला मारलं, १ गुण. निळ्यानं लगेच लालच्या डोक्याला मारलं, २ गुण.

- पूर्ण मोजणीची पद्धत: लालला १, निळ्याला २. आधी मार खाल्लेला निळाच पुढं गेला.
- वजाबाकीची पद्धत: परतीचा वार लागला म्हणून लालचा एक गुण कापला, त्याचे राहिले शून्य. निळ्यालाही काही नाही.

पहिल्या पद्धतीत धूर्त खेळाडू विचार करतो, हात देऊ आणि डोकं घेऊ. दुसरीत त्याला तसा नफा नाही, फक्त समोरच्याचं नुकसान करता येतं. दोन्ही पद्धती चालू आहेत आणि कुठली बरी यावर अजून एकमत नाही. पण स्पर्धेला जाणाऱ्यानं हा एक नियम आधी वाचलाच पाहिजे, कारण सगळी खेळी त्यावर ठरते.

हा पेच आजचा नाही. सोळाव्या शतकात जर्मन शहरांत तलवारबाजीचे जाहीर सामने भरत. तिथं डोक्यावर सर्वांत उंच जागी रक्त काढील तो जिंकला, अशी रीत होती. तरी काय करायचं नाही, हे सुरुवातीलाच सांगितलं जाई. टोकाचा वार नाही, मुठीच्या गोळ्यानं मारणं नाही, अंगावर धावून झोंबणं नाही, हात मोडणं नाही, डोळ्यांवर किंवा जांघेत मारणं नाही, दगडफेक नाही. यादी वाचून हसू येतं, पण बंदी घालावी लागली म्हणजे हे प्रकार होत असणार!

सुरक्षेचं साहित्य

- मुखवटा: फेन्सिंगचा जाळीचा मुखवटा. मूळ रचना टोकाचा वार अडवण्यासाठी आहे, वरून बसणाऱ्या दीड किलोच्या फटक्यासाठी नाही. म्हणून वर जाड आच्छादन आणि डोक्याच्या मागच्या भागाला वेगळं कवच लावतात. जाळी खचली किंवा गंजली, तर मुखवटा बाद.
- गळा: मुखवट्याच्या पडद्याखाली कडक गळपट्टा. टोक पडद्याखालून वर सरकलं, तर शेवटचा आडोसा हाच.
- अंगरखा: जाड, भरीव आणि सहज न भोसकला जाणारा. कापड किती जोर सोसतं हे न्यूटनमध्ये मोजतात. ३५० आणि ८०० न्यूटन हे नेहमी दिसणारे आकडे. आकडा भोसकण्याबद्दलचा आहे, मुका मार वेगळा.
- हातमोजे: बोटांवर कडक कवच असलेले भारी मोजे. क्रिकेट किंवा हॉकीचे मोजे पोलादी लाँगसोर्डला पुरत नाहीत.
- बाकी: कोपर, गुडघा, नडगी आणि जांघेचं संरक्षण.
- हत्यार: पातं पुरेसं लवतं का, हे टोकावर दाब देऊन तपासतात. पात्यावर पडलेले चरे प्रत्येक लढतीनंतर कानशीनं घासून काढायचे. चीर दिसली तर ते पातं परत वापरायचं नाही.

साहित्य का तपासायचं, याचं उत्तर १९८२ मध्ये रोमला मिळालं. जागतिक फेन्सिंग स्पर्धेत मॉस्को ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह लढत असताना प्रतिस्पर्ध्याचं पातं तुटलं आणि तुटकं टोक मुखवट्याची जाळी भेदून आत गेलं. काही दिवसांत त्याचा मृत्यू झाला. नियम कुणी मोडला नव्हता. त्यानंतर मुखवटे, कपडे आणि पात्यांचं पोलाद, सगळ्यांचे निकष कडक झाले. आज हेमाचे खेळाडू जो मुखवटा घालतात, तो त्या सुधारणेतूनच आलेला आहे.

काय करायचं नाही

डोक्याच्या मागच्या बाजूला, मणक्यावर, जांघेत वार करायचा नाही. मुठीच्या गोळ्यानं चेहऱ्यावर मारणं बहुतेक ठिकाणी बंद. सांध्यांवर कुलूप लावून हात मोडणं बंद. मार चुकवण्यासाठी पाठ फिरवणाऱ्यालाही दंड होतो, कारण त्यानं स्वतःच डोक्याचा मागचा भाग पुढं केला. गरजेपेक्षा जास्त जोर लावला तर आधी ताकीद, मग गुण कापणं, शेवटी स्पर्धेतून बाहेर. डोक्याला मार लागून खेळाडू गांगरला, चक्कर किंवा मळमळ वाटली, तर त्या दिवशी त्यानं पुन्हा उतरायचं नाही. ‘मी ठीक आहे’ हे त्याचं म्हणणं तिथं धरत नाहीत, डॉक्टर सांगतील ते खरं.

आपल्याकडे याचा उपयोग काय?

गुण मोजून लढण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. फरी-गदगा हा जुना मराठी खेळ त्याच जातीचा. चामड्याचं वेष्टण असलेली काठी म्हणजे गदगा, हातातली छोटी ढाल म्हणजे फरी. खरी तलवार हाती येण्याआधी पोरांचा हात आणि नजर यातच तयार व्हायची. पंजाबच्या गटक्यातही काठी आणि फरीच. युरोपच्या पोथ्यांसारखं लिहून ठेवण्याचं कामही आपल्याकडे झालंय. दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ वडोदऱ्याचाच.

मर्दानी खेळाचं प्रात्यक्षिक आणि स्पर्धा यांत मात्र मोठा फरक आहे. प्रात्यक्षिकात दोघांना पुढचा डाव माहीत असतो, स्पर्धेत नसतो. त्यामुळं प्रात्यक्षिकातलं हत्यार आणि उघडं तोंड तसंच ठेवून ‘चला, आता खरंखुरं लढू’ म्हणणं डोळ्याशी खेळणं आहे. कुठल्या आखाड्याला लढती घ्यायच्या असतील, तर क्रम असा ठेवावा:

१. आधी चामड्याचं वेष्टण असलेली काठी, पोलाद नंतर.
२. पोरं शिकाऊ असली तरी मुखवटा, गळपट्टा आणि मोजे पहिल्या दिवसापासून.
३. दुहेरी वाराला गुण नाही, हा नियम पहिल्या लढतीपासून. ही सवय नंतर लागत नाही.
४. पंच किमान तीन. एका जागेवरून दोन्ही अंगं दिसत नाहीत.
५. लढतीच्या जागी प्रथमोपचार आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर तयार.
६. सीमाभागातल्या मंडळांनी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात तलवारी नेताना आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्यावं. लांब पात्याची धारदार शस्त्रं शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात, आणि पिशवीतली तलवार बोथट आहे की धारदार, हे नाक्यावरच्या पोलिसाला बाहेरून कळत नाही.

घरच्यांनी आखाड्यात किंवा क्लबात पोराला घालण्याआधी उस्तादांना दोनच प्रश्न विचारावेत. दोघांनाही लागलं तर तुम्ही गुण कुणाला देता? आणि मुखवटे शेवटचे कधी तपासले? दोन्हींचं उत्तर लगेच आणि नेमकं मिळालं, तर जागा बरी आहे असं समजायला हरकत नाही.