कॉव्हेंट्रीच्या रिबिनीचे काय झाले

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहराच्या हर्बर्ट संग्रहालयात 1851 सालची एक रेशमी रिबीन जपलेली आहे. लंडनच्या महाप्रदर्शनात मांडण्यासाठी गावाने एकत्र येऊन ती विणवून घेतली. नक्षी स्थानिक चित्रशाळेतल्या क्लॅक या विद्यार्थ्याची. जॅकार्ड मागावर विणलेली फुले-पाने आज दीडशेहून अधिक वर्षांनंतरही इतकी जिवंत दिसतात, की 'फ्रेंच मालापुढे कॉव्हेंट्रीचा माल कच्चा होता, म्हणून धंदा बुडाला' हे पुन्हापुन्हा सांगितले जाणारे कारण तिथेच लंगडे पडते. हात कसबी होते. नऊ वर्षांनी धंदा बुडाला तो त्याच हातांचा.

चालेनासा झालेला धंदा बंद करायचा की सुधारायचा, हा प्रश्न आज घरबसल्या ऑनलाइन दुकान चालवणाऱ्यांना छळतो. 1860 मध्ये तो एका सबंध शहरापुढे एकदम उभा राहिला. त्या वेळचे सरकारी अहवाल, शिरगणत्या, मालावरची लेबले, शिल्लक राहिलेली घरे आणि दोघांची आत्मचरित्रे एकमेकांशेजारी ठेवली, की कोणी काय ठरवले आणि ठरवण्याची सोय मुळात कोणाला होती, हे बऱ्यापैकी मांडता येते.

आधी धंद्याची घडी पाहू. हातमाग विणकरांच्या स्थितीची चौकशी करायला सरकारने नेमलेले जोसेफ फ्लेचर यांचा अहवाल 1840 मध्ये छापला गेला. त्यात कॉव्हेंट्रीची उतरंड नीट सांगितली आहे. वर रेशीम पुरवणारा व्यापारी-कारखानदार. त्याच्याखाली स्वतःचे माग घरात बसवून मजुरीवर विणून देणारा विणकर. त्याच्याही हाताखाली, दुसऱ्याच्या मागावर बसणारा कामगार. इचलकरंजीच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. सूत व्यापाऱ्याचे, माग आपला, कापड पुन्हा व्यापाऱ्याचे, अशा बोलीवर चालणाऱ्यांना आपल्याकडे खर्चीवाले म्हणतात. कॉव्हेंट्रीचा विणकर हा अगदी असाच खर्चीवाला होता, फक्त रेशमातला. शहरातल्या मागावर एकाच वेळी अनेक रिबिनी निघत. आसपासच्या बेडवर्थ, फोल्सहिल या भागांत एकेरी हातमाग होते आणि तिथली मजुरी कायम शहराच्या खाली असे.

या धंद्याला कायद्याचे छत्र होते. 1766 पासून परदेशी रेशमी कापडाला इंग्लंडची दारे बंद होती. 1826 मध्ये ती उघडली, पण तीस टक्के जकात ठेवून. पुढे ती पंधरा टक्क्यांवर आली. प्रत्येक वेळी ओरड झाली आणि प्रत्येक वेळी धंदा तगला. त्यामुळे दर वेळी तगूच, असा समज गावात रुजला असणार, असे मला वाटते. 1860 मध्ये लोक बेसावध सापडले, त्याचे एक कारण हेही.

सुधारणेचे प्रयत्न झालेच नाहीत, असे मात्र नाही. नोव्हेंबर 1831 मध्ये जोसाया बेक याने रिबिनीसाठी वाफेवरचा कारखाना उभारला, तेव्हा विणकरांच्या जमावाने तो जाळला आणि त्यापायी माणसे सागरापार हद्दपार झाली. या जाळपोळीवरून विणकरांना अडाणी ठरवणे सोपे आहे. पंचवीस वर्षांनंतरची घरे वेगळे सांगतात. वाफेला त्यांचा विरोध असला तरी त्याहून मोठा विरोध होता तो घर सोडून भोंग्यावर कामाला जाण्याला. वाफच घरी येत असेल तर ती त्यांना चालणार होती.

ती घरी आणली जॉन आणि जोसेफ कॅश या दोघा क्वेकर बंधूंनी. 1857 मध्ये किंगफील्डला, कालव्याच्या कडेला, त्यांनी विणकरांसाठी घरांच्या रांगा बांधायला घेतल्या. बेत शंभर घरांचा होता, उभी राहिली अठ्ठेचाळीस. त्यांतली कालव्याकाठची रांग आजही आहे. लाल विटांचे घर, खाली दोन मजले राहायला, आणि त्यावर तिसरा मजला, ज्याच्या खिडक्या खालच्या खिडक्यांच्या मानाने अवाढव्य. तो मजला मागांचा. रेशमाचा बारीक धागा तुटला तर दिसायला हवा, म्हणून एवढा उजेड. या वरच्या मजल्यांमधून एकच लोखंडी दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरे, आणि आवारातले एक इंजिन सगळ्या घरांतले माग चालवी. विणकर भाड्यासोबत वाफेचे पैसे देई आणि आपल्या माडीवर, आपल्या वेळेने, बायकोमुलांना कांड्या भरायला बसवून विणे. हिलफील्ड्स भागात इलाय ग्रीन यानेही असाच बेत उभा केला. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. माणसाचा मान राखून यंत्र वापरण्याचा हा खरा प्रयत्न होता, आणि तो करणाऱ्यांनी त्यात आपले भांडवल घातले होते.

याच्या वर्षभर आधी, 1856 मध्ये, चार्ल्स ब्रे या रिबीन कारखानदाराने उलटा निर्णय घेतला होता. ब्रे म्हणजे ज्याच्या घरच्या मैफलीत पुढे जॉर्ज एलियट या नावाने गाजलेली तरुण लेखिका घडली, तो. बापाकडून आलेला धंदा त्याने बंद केला आणि उरलेले आयुष्य लिहिण्या-वाचण्यात घातले. चार वर्षांनंतरचे पाहता त्याने वेळ अचूक साधली, असे म्हणता येईल. पण त्याच्याजवळ बाजूला होण्याइतकी पुंजी होती आणि दुसरे करण्यासारखे काही होते.

मग 23 जानेवारी 1860 हा दिवस आला. रिचर्ड कॉब्डेन आणि मिशेल शेव्हालिए यांनी जुळवलेल्या ब्रिटन-फ्रान्स व्यापारी करारावर पॅरिसमध्ये सह्या झाल्या. ब्रिटनने रेशमी मालावरची जकात पूर्ण उठवली. फ्रान्सने मात्र ब्रिटिश मालावर तीस टक्क्यांपर्यंत जकात ठेवण्याची मुभा राखली. फ्रान्समधल्या सेंट-एतिएनची रिबीन इंग्लंडात बिनजकात येणार आणि कॉव्हेंट्रीची फ्रान्सच्या दारात अडणार, असा हा करार. महाप्रदर्शनाचा काचमहाल बांधणारे जोसेफ पॅक्स्टन तेव्हा कॉव्हेंट्रीचे खासदार होते, तरी करार झाला तसाच झाला. त्यात फॅशनही फिरली. टोप्यांवरच्या रिबिनी कमी झाल्या.

त्या उन्हाळ्यात मालकांनी मजुरीचे ठरलेले दरपत्रक मोडले आणि संप झाला. तो फसला. संपामुळे धंदा बुडाला, असे तेव्हाच्या मालकवर्गाचे म्हणणे. मी ते मानत नाही. दरपत्रक मोडण्याची गरज संपाआधीच पडली होती, म्हणजे तोटा आधीच सुरू झाला होता. संपाने एवढेच केले, की सहा महिन्यांत जे घडले असते ते सहा आठवड्यांत घडले. देशभरातून मदतनिधी गोळा झाला. माणसे लँकेशायरला, अमेरिकेतल्या पॅटर्सनच्या रेशीम गिरण्यांत, जिथे जमेल तिथे निघाली. 1861 च्या शिरगणतीत शहराची वस्ती 40 हजारांच्या वर होती. 1871 ला ती 38 हजारांच्या आत आली. ज्या दशकात इंग्लंडमधले बहुतेक औद्योगिक गावे फुगत होती, त्या दशकातला हा आकडा आहे.

या पडझडीत टॉमस स्टीव्हन्स याने काय केले, ते त्याच्या मालावरूनच वाचता येते. त्याचा जन्म 1828 चा, फोल्सहिलचा. रिबिनीचा स्वतःचा धंदा त्याने 1854 मध्ये सुरू केला होता. माग तेच, रेशीम तेच, विणणारे तेच. 1862 पासून त्याने त्यावर रिबिनीऐवजी पुस्तकात घालायच्या खुणा विणायला घेतल्या. वाढदिवसाच्या शुभेच्छा, नाताळचा संदेश, चित्र आणि अक्षरे, सगळे रंगीत रेशमात, आणि खाली गोंडा. चौकटीच्या कागदावर आधी नक्षी काढायची, तिच्या प्रत्येक ओळीसाठी पुठ्ठ्याच्या पट्टीला भोके पाडायची आणि त्या पट्ट्यांची माळ मागावर चढवायची, हे जॅकार्डचे तंत्र गावाला 1820 च्या दशकापासून ठाऊक होते. एका खुणेसाठी हजारो पट्ट्या लागत. खर्च सगळा आरंभीच व्हायचा. एकदा माळ तयार झाली की त्याच नक्षीच्या हव्या तेवढ्या प्रती निघायच्या. रिबीन फॅशनवर अवलंबून होती, वाढदिवस आणि नाताळ दरवर्षी येतात. ही अक्कल मला वाफेच्या इंजिनापेक्षा मोठी वाटते.

1879 मध्ये तो आणखी पुढे गेला. यॉर्कच्या प्रदर्शनात त्याने माग बसवले आणि लोकांच्या डोळ्यांसमोर छोटी रेशमी चित्रे विणून विकली. लंडन-यॉर्क टपालगाडी हे त्यांतले एक. चित्र पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेले असे, आणि ते यॉर्कच्या प्रदर्शनात विणल्याचे त्या पुठ्ठ्यावरच छापलेले. चित्राची पाठ पाहावी. मागच्या लेबलावर इतर चित्रांची यादी असे. म्हणजे विकलेला प्रत्येक नग पुढच्या नगांची जाहिरात घेऊन गिऱ्हाइकाच्या घरात टांगला जाई. ही यादी नव्या चित्रांबरोबर वाढत गेल्यामुळे आज संग्राहक तिच्यावरून चित्राचा काळ ठरवतात. स्टीव्हन्सने स्वतःला तिथे 'शोधक आणि उत्पादक' म्हणवून घेतले आहे, आणि नक्षी नोंदणीकृत असल्याचे बजावले आहे. पूर्वी कॉव्हेंट्रीची रिबीन लंडनच्या घाऊक व्यापाऱ्यामार्फत जाई आणि विणणाऱ्याचे नाव वाटेत गळून पडे. इथे नाव, गाव आणि हक्क तिन्ही मालालाच चिकटले. 1888 मध्ये तो वारला तोवर नक्ष्यांची संख्या नऊशेच्या पुढे गेली होती. कॉक्स स्ट्रीटवरचा त्याचा कारखाना 14 नोव्हेंबर 1940 च्या बॉम्बवर्षावात गेला, म्हणून जगभर पसरलेल्या या लेबलांना कागदपत्रांचे मोल आले.

तिसरी वाट रेशमाबाहेरची. 1860 च्या दशकातच कॉव्हेंट्रीत शिलाई यंत्रे बनवणारी कंपनी निघाली. जोसाया टर्नर आणि जेम्स स्टार्ली हे तिचे प्रमुख. टर्नरचा पुतण्या रोली याने 1868 मध्ये पॅरिसहून एक फ्रेंच दुचाकी आणली, चारशे गाड्यांची फ्रेंच मागणी मिळवली, आणि 1869 मध्ये कंपनीने नावच बदलले. 1870 च्या युद्धाने फ्रान्सची बाजारपेठ बंद झाली तेव्हा गाड्या मायदेशात खपवाव्या लागल्या. कॉव्हेंट्रीची सायकल आणि पुढची मोटार इथून निघते. शहराच्या इतिहासात ही हकीकत नेहमी मोठ्या अक्षरांत येते, म्हणून इथे थोडक्यात.

मला परत जायचे आहे ते कॅश बंधूंच्या माड्यांकडे, कारण सुधारणेची किंमत कोणी मोजली ते तिथे दिसते. कंपनी टिकली. झालरी आणि पुढे कपड्यांवर शिवायच्या विणलेल्या नावपट्ट्या यांवर तिने विसाव्या शतकातही धंदा केला. इंग्रजी निवासी शाळांत मुलांच्या गणवेशावर कॅशच्या पट्ट्या असत. पण 1860 नंतर त्या वरच्या मजल्यांमधल्या भिंती काढून त्यांचा सलग कारखाना झाला. ज्या माडीवर माणूस आपल्या वेळेने विणत होता, त्याच माडीवर आता ठरलेल्या वेळी हजर राहायचे. 1831 मध्ये ज्या गोष्टीसाठी आग लावली गेली, तीच गोष्ट तीस वर्षांनी निमूटपणे झाली, कारण नकार द्यायला कोणाच्या अंगात बळ उरले नव्हते. मालकाच्या हिशेबात हा बदल शहाणपणाचा होता, आणि त्याशिवाय कंपनी राहिली नसती, हेही खरे. माग स्वतःच्या मालकीचा, पण रेशीम आणि मागणी दुसऱ्याच्या हाती, अशा विणकरापुढे ब्रेसारखे निवृत्त होण्याचा किंवा स्टीव्हन्ससारखे हजारो पट्ट्या आगाऊ पाडून घेण्याचा पर्यायच नव्हता. माग विकावा तर गावात घेणारा कोण?

त्या बाजूने बोलणारा एक कागद आहे. जोसेफ गटरिज हा 1816 चा, जन्मभर रिबीन विणलेला माणूस. निसर्गाचा नाद असलेला, आपले आपण शिकलेला. त्याचे आत्मचरित्र 1893 मध्ये, म्हणजे घटनांनंतर तीस वर्षांनी, निघाले. तारखांसाठी ते जपून वापरावे, पण काम नसलेल्या घरातले दिवस कसे जातात यासाठी त्याहून चांगला साक्षीदार नाही. 1867 मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने काही कारागिरांना पॅरिसचे प्रदर्शन पाहून अहवाल लिहायला पाठवले, त्यात तो होता. ज्या फ्रेंच मालाने त्याचे गाव रिकामे केले, तो माल आणि ते माग त्याने स्वतःच्या डोळ्यांनी तपासले. विणकराला काय दिसते हे विचारण्याची बुद्धी करारानंतर सात वर्षांनी झाली. परत येऊन तो पुन्हा रिबिनीच्याच धंद्यात राहिला.