गप्प झालेले मूल

शाळेत पहिल्या दिवशी भोकाड पसरणारे पोर चार दिवसांनी बाकावर मुकाट बसू लागले, की आम्ही मास्तर मंडळी म्हणतो, 'रुळले एकदाचे!' आणि फळ्याकडे वळतो. वीस वर्षे मीही हेच म्हणत आलो. पुढे लंडनच्या इस्पितळांतली एक हकिकत वाचनात आली, आणि त्या मुकाट बसलेल्या पोरांची मला लाज वाटू लागली.

१९४९ च्या सुमारास लंडनमधल्या मोठमोठ्या इस्पितळांत आजारी मुलाला भेटायला आईबापांना जवळजवळ मज्जावच होता. कुठे आठवड्यातून एकदा, रविवारी दोन तास. सेंट टॉमस इस्पितळात पहिला महिनाभर भेट नाही, मात्र संध्याकाळी सात ते आठ झोपलेले लेकरू पाहून जाण्याची परवानगी! डॉक्टरांचे म्हणणे असे, की आई आली की मूल रडते, आली नाही की शहाण्यासारखे राहते. म्हणजे रडवते कोण? आई!

हा हिशेब जेम्स रॉबर्टसन नावाच्या माणसाला पटेना. हा स्कॉटलंडमधल्या कामकरी घरातला. महायुद्धात तो अ‍ॅना फ्रॉइडबाईंच्या बालगृहात बंब पेटवायच्या कामावर होता. तिथे बाईंचा दंडक असा, की स्वयंपाक्यापासून सगळ्यांनी मुलांविषयी जे दिसेल ते चिठ्ठीवर टिपून ठेवायचे. बंबवाल्याचे डोळे तिथे तयार झाले. १९४८ साली तो जॉन बोल्बी यांच्या हाताखाली टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये लागला आणि इस्पितळातल्या मुलांजवळ जाऊन बसू लागला. त्याला दिसले, की मूल आधी आक्रोश करते, मग निराश होऊन पडून राहते, आणि शेवटी हसते, खेळते. पण आई आली तर तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. ज्याला परिचारिका 'रुळणे' म्हणत, ते आईवरची आशा सोडणे होते.

सांगून कोणी ऐकेना, तेव्हा त्याने १९५२ मध्ये हातात कॅमेरा घेतला. लॉरा नावाची दोन वर्षे पाच महिन्यांची मुलगी बेंबीच्या अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस इस्पितळात राहणार होती. रडण्याचे क्षण निवडून घेतले असे कोणी म्हणू नये, म्हणून त्याने ठराविक वेळी चित्रण केले. भिंतीवरचे घड्याळ साक्षीला होतेच. लॉरा फारशी रडलीच नाही. ओठ घट्ट आवळून ती रडे गिळत राहिली. ते पाहणे रडण्याहून कठीण आहे.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये डॉक्टर-परिचारिकांना हा चित्रपट दाखवला. केवढा गहजब उडाला! आमच्या पेशाची बदनामी केली, म्हणाले. आणि गंमत पाहा, तिकडे न्यूकॅसलला जेम्स स्पेन्स नावाचे डॉक्टर १९२० च्या दशकापासूनच आयांना मुलांबरोबर ठेवून घेत होते. त्यांचे काही बिघडले नव्हते.

१९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने अहवाल दिला : भेटीला वेळेचे बंधन नको, लहानग्यांबरोबर आईला राहू द्यावे, आणि इस्पितळात काय होणार हे मुलाला आधी समजावून सांगावे. अंमल व्हायला पुढे बरीच वर्षे गेली.

आपल्याकडे सरकारी इस्पितळांत आई पोराच्या खाटेखाली चटई टाकून निजते. गर्दी होते, सिस्टर वैतागतात, मीही एकदा बोलणी खाल्ली आहेत. पण सुई टोचताना 'दुखणार नाही हं' असे खोटे न सांगता 'मुंगी चावल्यासारखे दुखेल, आईचा हात धर' म्हणणारा डॉक्टर त्या चटईमुळेच शक्य होतो. हात धरायला आई तिथे असते.

लॉरा बरी होऊन घरी गेली. निघताना आपल्या साऱ्या वस्तू तिने गोळा केल्या, आईचा हात मात्र धरला नाही. काही महिन्यांनी तो चित्रपट अचानक तिच्या नजरेस पडला. ती लाल झाली, इतके दिवस तू कुठे होतीस असे आईला रागाने विचारले, आणि रडत रडत बापाच्या कुशीत शिरली.