विळा, विळी आणि कोयता : अवजारांच्या नावांचे भाषांतर

फ्रेंच भाषेतील ‘फो’ आणि ‘फोसीय’ ही दोन नावे एकाच लॅटिन मुळातून आलेली आहेत. लांब दांड्याचे, दोन्ही हातांनी चालवायचे ते ‘फो’. एका हातात मावणारे, वाकड्या पात्याचे ते ‘फोसीय’. इंग्रजीत त्यांना अनुक्रमे ‘साइथ’ आणि ‘सिकल’ म्हणतात. प्रतिशब्द बिनचूक आहेत. पण थोरल्या-धाकट्याचे जे नाते फ्रेंच नावांत ऐकू येते, ते इंग्रजीत उरत नाही. छाटणीच्या ‘सेर्प’ आणि ‘सेर्पेत’ या जोडीचे इंग्रजीत ‘बिलहुक’ आणि ‘प्रुनिंग नाइफ’ होते, तेव्हाही हेच घडते. फ्रेंचमधील ‘मूतों’ हा शब्द मेंढी आणि तिचे मांस या दोहोंना पुरतो, इंग्रजीला मात्र दोन शब्द लागतात, हे सस्यूरने दाखवले होते. अर्थ जुळला तरी शब्दाचे त्या भाषेतील मूल्य जुळेलच असे नाही, हा त्याचा निष्कर्ष. अवजारांच्या नावांच्या बाबतीत हे मूल्य भाषेपुरतेच मर्यादित राहत नाही. ते श्रमाच्या व्यवस्थेशी बांधलेले असते. मराठीचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

मराठी अवजारांची नावे इंग्रजीत नेण्याचा पहिला मोठा प्रयत्न मोल्सवर्थच्या कोशात दिसतो. त्याची पहिली आवृत्ती १८३१ साली आणि सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ साली निघाली. थॉमस कँडी याने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७चा. मराठी-इंग्रजी कोशात वस्तुवाचक नोंदींचा आरंभ वारंवार ‘एक प्रकारचे’ अशा अर्थाच्या शब्दांनी होतो. ‘खुरपे’ या शब्दालाही एक प्रतिशब्द पुरत नाही. उकरण्याचे आणि गवत खरवडण्याचे अवजार असे वर्णन द्यावे लागते. ही कोशकाराची उणीव मानू नये. इंग्रज माळी बहुधा उभ्याने, लांब दांड्याच्या अवजाराने तण काढतो. खुरपे बसून, सरकत सरकत चालवायचे असते. देहाची ठेवणच निराळी असल्याने शब्द जुळत नाही, आणि ‘एक प्रकारचे’ या शब्दांत त्या अंतराची प्रामाणिक कबुली आहे. ‘खुरपे’ हा शब्द संस्कृत ‘क्षुरप्र’पासून आला, आणि ‘क्षुरप्र’ हे वस्तऱ्यासारख्या धारेच्या बाणाचेही नाव होते. रणातला शब्द वाफ्यात आला तो असा.

मराठीतही आकारभेद दाखवण्यासाठी लिंगभेदाचा उपयोग होतो : कोयता-कोयती, सुरा-सुरी. फ्रेंचमधील धाकटेपणाच्या प्रत्ययाशी त्याची तुलना करण्याचा मोह होईल. परंतु ‘विळा’ आणि ‘विळी’ या जोडीपाशी ही तुलना मोडते. विळा शेतात चालतो. हात तो फिरवतो आणि पीक जागी उभे असते. विळी स्वयंपाकघरात पायाखाली स्थिर असते आणि भाजी पात्यावर नेली जाते. पुल्लिंगी नाव शेताचे आणि स्त्रीलिंगी नाव चुलीपाशी बसणारीच्या अवजाराचे, अशी ही वाटणी आहे. ‘विळी’चे भाषांतर ‘लहान विळा’ असे करणारा अनुवादक व्याकरणाला धरून चुकतो.

काही नावे भाषांतराशिवायच प्रवास करतात. छाटणीच्या कात्रीचे ‘सेकातर’ हे फ्रेंच नाव ‘कापणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून घडले. १८१५च्या सुमारास बेर्त्रां द मोलव्हीलने ती कात्री तयार केली असे मानले जाते. इंग्रजीने ते नाव जवळपास तसेच घेतले आणि इंग्रजीतून ते आपल्याकडे आले. नाशिक-सांगलीकडचा द्राक्षबागाईतदार आज ‘सिकेटर’ म्हणतो. येथे वस्तू आणि नाव एकदमच आले. आधीच्या कोणत्याही शब्दाला जागा सोडावी लागली नाही.

जेथे वस्तू जुनी आणि व्यवहार नवा असतो, तेथे प्रश्न अधिक बिकट होतो. १८३६ साली पुणे जिल्ह्यातील इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मुंबई इलाख्याची जमीन-मोजणी सुरू केली. या पद्धतीच्या इंग्रजी कागदपत्रांत ‘बागायत’ जमिनीला ‘बागेची जमीन’ अशा अर्थाचा शब्द मिळाला. त्याने इंग्रज वाचकाच्या डोळ्यांपुढे फुलझाडे आली असतील. मराठी शब्दात मात्र विहिरीचे वा पाटाचे पाणी आहे. पुढे खडकवासल्याच्या कालव्याने पुण्याच्या पूर्वेकडील शेतांना पाणी मिळाले, तेथे ऊस वाढला. स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली, आणि उसाबरोबर कोयताही बागायतीच्या हिशेबात शिरला.

ऊसतोडणीच्या व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मजूर असेल तर तो ‘अर्धा कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. सामान्यतः पुरुष ऊस तोडतो. स्त्री पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. कष्ट दोघांचे असतात, पण हिशेबात नाव येते ते एका पुल्लिंगी अवजाराचे. विळा-विळीच्या जोडीत स्त्रीच्या कामाला निदान स्वतंत्र नाव तरी होते. येथे तेही उरलेले नाही.

अशा वाक्यातील ‘कोयता’ इंग्रजीत ‘सिकल’ झाला, तर कोशाच्या दृष्टीने फारसे बिघडत नाही. संहितेतील दोन माणसे मात्र नाहीशी होतात. उलट ‘जोडपे’ असे स्पष्टीकरणात्मक भाषांतर केले, तर माणसे परत येतात, पण त्यांना अवजार करून टाकणारी भाषा झाकली जाते. अन्यायाची खूण त्या रूपकातच आहे आणि अनुवादकाने ती पुसता कामा नये. म्हणून मूळ शब्द ठेवून, त्याचा हिशेब वाक्याच्या ओघात उलगडणे हाच मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. मोल्सवर्थच्या ‘एक प्रकारचे’ या संकोचामागे हीच जाणीव होती, की वर्णन केल्यावाचून वस्तू परभाषेत पोहोचत नाही. आपल्या ग्रामीण आणि दलित साहित्याचे अनुवाद तपासताना कथानक आणि शैली यांच्याबरोबर अवजारांची नावेही तपासावीत. कोणाचे श्रम भाषांतरात गळले, हे तेथे आधी कळते.