बडोद्याच्या ग्रंथपेट्या आणि आजचे शालेय ग्रंथालय

ग्रंथ हेच गुरू, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु गुरू आणि शिष्य यांची गाठ घालून देणारा कोणीतरी लागतोच. शाळेत हे काम ग्रंथपाल करतो. इमारतीच्या देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर कोरली जातात; मुलाच्या हाती पहिले गोष्टीचे पुस्तक ठेवणाऱ्या ग्रंथपालाचे नाव मात्र सहसा कोठे आढळत नाही. या कामाचे मोल समजून घेण्यासाठी बडोदा संस्थानातील ग्रंथालय चळवळीचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरेल.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात १८६३ साली जन्मलेले गोपाळराव १८७५ मध्ये दत्तक गेले आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड झाले. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते संपूर्ण संस्थानास लागू केले. पण लवकरच एक अडचण ध्यानी आली. शाळा सुटल्यावर वाचावयास काही नसल्याने मुले शिकलेली अक्षरे विसरून जात. शाळेवरील खर्च सार्थकी लागावयाचा असेल तर शाळेच्या पाठीशी ग्रंथालय हवे, हे महाराजांनी ओळखले.

१९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना पाचारण केले. महाराजांच्या राजवाड्यातील सुमारे २०,००० ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयास मिळाले. वाचकाने स्वतः फडताळाशी जाऊन पुस्तक निवडावे, अशी मुक्तद्वार पद्धती तेथे अवलंबिली गेली. १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्गही सुरू झाला. बोर्डन १९१३ मध्ये परतले. पुढे जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी हे कार्य नेटाने चालविले. मुलांसाठी स्वतंत्र दालन करण्यात आले. तेथे चित्रे, खेळ आणि पुस्तके एकत्र मांडली होती. खेळावयास आलेले मूल आपसूक पुस्तकापाशी पोहोचावे, ही त्यामागील दृष्टी होती.

खेड्यांची योजना तर व्यापाऱ्यालाही पटावी अशी होती. गावकऱ्यांनी एक वाटा वर्गणी जमविली की तितकाच वाटा स्थानिक पंचायत आणि तितकाच सरकार देई. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जात आणि त्यांच्या वाहतुकीचा खर्च सरकार सोशी. ही चळवळ गावोगावी नेणारे मोतीभाई अमीन हे मूळचे शिक्षक होते. अनेक खेड्यांत शाळेचे गुरुजीच ग्रंथपालाचे काम पाहत. म्हणजे मुलाला ओळखणारा आणि पुस्तक ओळखणारा माणूस एकच होता. या चळवळीच्या यशाचे मर्म येथेच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पुढे डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हा त्यांतील पहिला. स्वातंत्र्यानंतर डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगानेही (१९५२-५३) शालेय ग्रंथालय आकर्षक असावे आणि तेथे प्रशिक्षित ग्रंथपाल असावा, असा आग्रह धरला.

आज कित्येक शाळांत पुस्तके आहेत, पण ती कुलुपात आहेत. पुस्तक फाटले वा हरवले तर जाब ग्रंथपालाला द्यावा लागतो. मग कपाट बंद ठेवणेच त्यास सुरक्षित वाटते. कापडाच्या पेढीवर ज्याची हयात गेली त्यास एवढे निश्चित ठाऊक आहे की, तागा गिऱ्हाइकापुढे उलगडल्यावाचून त्याचा पोत कळत नाही, आणि उलगडलेल्या ताग्याला थोडे डाग लागावयाचेच. ती घट व्यापारी धरूनच चालतो. शाळांनीही ती धरावी.

जाणता ग्रंथपाल नवी पुस्तके मुलांच्या नजरेच्या उंचीवर मांडतो. गोष्ट अर्ध्यावर वाचून दाखवितो आणि उरलेली मुलांवर सोपवितो. क्रिकेटवेड्या मुलास आधी खेळाडूचे चरित्र देतो. देवघेवीच्या नोंदीचे काम मुलांकडेच देतो, म्हणजे ग्रंथालय त्यांना आपले वाटू लागते. महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. हा उपक्रम स्तुत्यच आहे. परंतु वाचनाची गोडी एका दिवसात लागत नाही, ती आठवड्याच्या ठरलेल्या तासाने लागते.

आपल्या समाजात शाळांना पुस्तके आणि कपाटे देणारे दाते पुष्कळ आहेत. त्यांना नम्र विनंती एवढीच की, देणगीचा काही भाग ते कपाट उघडणाऱ्या माणसाच्या मानधनासाठी आणि फाटलेल्या पुस्तकांच्या जागी नवी घेण्यासाठी राखून ठेवावा. बडोद्याच्या पेट्या गावोगावी फिरल्या आणि तेथे कोणीतरी त्या उघडून बसले, म्हणूनच शंभर वर्षांनंतरही त्यांचे स्मरण होते.