हस्तदोष आणि त्याचे इंग्रजी नाव

एखाद्या जुन्या मराठी पोथीच्या संपादकावर इंग्रजी प्रस्तावना लिहावयाची वेळ आली म्हणजे एक लहानशी अडचण हमखास उभी राहते. पोथीत जागोजाग आढळणाऱ्या, नक्कल उतरवणाऱ्याच्या हातून झालेल्या चुकांना इंग्रजीत काय म्हणावे? मराठीत तो ‘हस्तदोष’ म्हणून मोकळा होतो; संस्कृताचा व्यासंगी असेल तर ‘लेखकप्रमाद’ म्हणतो. इंग्रजीत हाताशी येणारा पहिला शब्द ‘मिस्टेक’, तो फारच ढोबळ. दुसरा ‘मिसप्रिंट’, तो तर सपशेल चुकीचा. जेथे छापखानाच नव्हता तेथे मुद्रणदोष कोठून येणार? आजकाल सर्रास कानावर पडणारा ‘टायपो’ हे ‘टायपोग्राफिकल एरर’चे बोलीतील लघुरूप होय. खिळ्यांच्या जुळणीबरोबर जन्मलेला हा शब्द बोरूने लिहिणाऱ्या पैठणच्या वा तंजावरच्या लेखकाला लावणे म्हणजे बैलगाडी उलटली असता रेल्वेचा अपघात झाला असे सांगण्यापैकी आहे.

मग संपादक ‘स्लिप ऑफ द पेन’कडे वळतो. हा शब्द लॅटिनमधील ‘लॅप्सस कॅलमी’चे सरळ रूपांतर आहे, आणि त्यातील ‘कॅलमी’ मराठी वाचकाला परका वाटू नये. बोरूला ग्रीक भाषेत ‘कॅलमॉस’ म्हणत. तोच शब्द लॅटिनमध्ये ‘कॅलमस’ झाला, अरबीत ‘कलम’ झाला आणि फारसीच्या वाटेने आमच्या दफ्तरांत येऊन बसला. म्हणजे रोमन लेखकाची लेखणी घसरली काय किंवा पेशव्यांच्या कारकुनाची घसरली काय, घसरणारी वस्तू नावानेही एकच. इतके असूनही हा शब्द येथे पुरत नाही. स्वतःचे पत्र लिहीत असता मनात एक आणि कागदावर दुसरेच उतरावे, त्याला तो शोभतो. पोथी उतरवणाऱ्याची चूक बहुधा हाताची नसतेच. ती डोळ्यांची असते, कधी कानाची असते, आणि पुष्कळदा अर्थ समजल्याच्या समजुतीची असते.

‘क्लेरिकल एरर’ हा शब्द कचेऱ्यांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. युरोपात मध्ययुगात लिहिता-वाचता येणारा मनुष्य बहुधा धर्मसंस्थेतील, म्हणजे ‘क्लेरिक’ असे. त्यापासूनच ‘क्लार्क’ निघाला आणि त्याची चूक ती ‘क्लेरिकल’. या शब्दाला कायद्याने मोठी प्रतिष्ठा दिली आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम १५२ प्रमाणे निकालपत्रातील अशी लेखनाची वा बेरीज-वजाबाकीची चूक न्यायालयास केव्हाही दुरुस्त करता येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, म्हणजे १९६६ च्या कायद्यात, कलम १५५ हे याच कामासाठी आहे आणि तेथे मराठी शब्द आहे ‘लेखनप्रमाद’. हस्तलिखित सातबारा संगणकावर चढवताना ज्यांच्या नावातील एक अक्षर वा क्षेत्रातील एक आकडा बदलला, त्या शेतकऱ्यांना या शब्दाचे मोल वेगळे सांगावयास नको. आणि ज्या दुरुस्तीने हक्कच एकाकडून दुसऱ्याकडे जातो, ती लेखनप्रमादाच्या नावाखाली उरकल्याच्या तक्रारीही या कलमाबाबत होत आल्या आहेत. तेव्हा ‘चूक’ कशाला म्हणावयाचे हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही.

पोथ्यांच्या क्षेत्रात योग्य शब्द ‘स्क्रायबल एरर’ हाच होय. ‘स्क्राइब’ म्हणजे लिहिणे ज्याचा व्यवसाय आहे असा मनुष्य. संस्कृतातील ‘लेखक’ तो हाच. आज आपण ग्रंथकाराला लेखक म्हणतो, त्यामुळे ‘लेखकप्रमाद’ हा शब्द वाचणाऱ्याची भलतीच समजूत होण्याचा संभव आहे. जुन्या संस्कृतात ग्रंथ रचणारा तो कवी किंवा ग्रंथकार आणि उतरवून काढणारा तो लेखक. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कवीजवळचा लेखक कसा असावा हे सांगितले आहे: त्याला अनेक भाषा आणि अनेक लिप्या याव्यात, त्याचे अक्षर सुंदर असावे, त्याने नुसत्या खुणेवरून मनातले ओळखावे. ग्रंथ पुरा होताच त्याच्या एकाहून अधिक प्रती करवून ठेवाव्यात, असाही त्याचा उपदेश आहे. दहाव्या शतकातील या जाणत्या कवीचा ग्रंथ १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतील पहिले पुष्प म्हणून प्रसिद्ध झाला, हा योग मोठा समर्पक होता. पुढे त्याच बडोद्यातील प्राच्य विद्यामंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सित आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात कांडांत सिद्ध केली, आणि ते सारे काम म्हणजे लेखकांच्या चुकांमधून वाट काढण्याचेच होते.

हिंदुस्थानी पोथ्यांसाठी इंग्रजी परिभाषा नीट लावून देण्याचे श्रेय डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्याकडे जाते. त्यांचा भारतीय पाठचिकित्सेवरील इंग्रजी ग्रंथ १९४१ साली निघाला. युरोपीय विद्वानांनी ग्रीक-लॅटिन हस्तलिखितांच्या अभ्यासातून प्रत्येक प्रकारच्या चुकीला वेगळे नाव दिले होते. ती नावे आमच्या पोथ्यांना कितपत लागू पडतात ते कत्रे यांनी दाखवले. नावे उच्चारावयास जड आहेत, पण वस्तू घरगुती आहे. दोनदा यावयाचे अक्षर एकदाच लिहिले, ‘मनन’चे ‘मन’ झाले, की ती ‘हॅप्लोग्राफी’. एकदाच यावयाचे दोनदा लिहिले की ‘डिट्टोग्राफी’. दोन ओळींचा शेवट सारखा असला आणि पहिली लिहून मान वर केलेल्या लेखकाची दृष्टी दुसरीच्या शेवटावर जाऊन पडली, की मधला सगळा मजकूर गळतो. त्याला ‘होमिओटेल्यूटन’ असे नाव आहे. ओवीच्या पहिल्या तिन्ही चरणांना यमक! म्हणजे मराठी ओवी हा या चुकीसाठी जणू घातलेला सापळाच होय.

युरोपीय नावांत न बसणाऱ्या अशाही चुका आहेत, कारण त्या नागरी लिपीच्या पोटातून निघालेल्या आहेत. जुन्या पोथ्यांत एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभ्या रेघेने देत. तिला पडिमात्रा म्हणतात. आता असे पहा: ‘न’ आणि ‘म’ या दोन अक्षरांमध्ये एक उभी रेघ आहे. ती मागल्या अक्षराचा काना समजली तर शब्द ‘नाम’ होतो, पुढल्या अक्षराची मात्रा समजली तर ‘नमे’ होतो. पोथीत शब्द सुटे लिहिण्याची चाल नाही, त्यामुळे मदतीला कोणी येत नाही. ही पद्धत मागे पडल्यावरच्या लेखकासमोर अशी जुनी प्रत आली म्हणजे त्याने काय करावे? ‘ख’ हा ‘रव’ दिसतो आणि ‘सुख’चे ‘सुरव’ होते. प आणि य, घ आणि ध, भ आणि म ही अक्षरे एकमेकांचे रूप घेऊन बसतात. याउलट काही वेळा लेखक निर्दोष असतो आणि संपादकच त्याला दोषी ठरवतो. ‘ख’च्या जागी ‘ष’ लिहिणे ही कित्येक हस्तलिखितांतील रूढी आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळतच नाहीत. तेथे ‘दिन’ आणि ‘दीन’ एकाच रूपाने येतात आणि वाचणाराने संदर्भावरून ओळखावयाचे असते. यांना ‘एरर’ म्हणणे हाच एक एरर होय.

काना-मात्रा गाळून लिहिण्याच्या महाजनी लिपीविषयीची गोष्ट माळव्यात अद्यापि सांगतात. काका अजमेरला गेले असे पेढीवरून आलेल्या चिठ्ठीत लिहिले होते, ते घरच्यांनी काका आज मेले असे वाचले आणि रडारड सुरू झाली. गोष्ट कल्पित असेल. पण चूक लिहिणाराची की वाचणाराची, याचा निर्णय तिच्यात होत नाही, हे तिचे मर्म आहे.

येथवर अजाणता होणाऱ्या चुकांचा विचार झाला. खरी पंचाईत पुढेच आहे. ज्या लेखकाला काहीच कळत नाही तो पोथीला फारसा अपाय करीत नाही. त्याने केलेला घोटाळा घोटाळा म्हणून ओळखू येतो. धोका असतो तो थोडे कळणाऱ्या लेखकाचा. त्याला जुना शब्द अडतो, आणि तो तेथे ओळखीचा शब्द घालतो. अर्थ लागतो, वृत्त जुळते, आणि मूळ शब्द कायमचा जातो. म्हणूनच दोन पाठांपैकी अवघड तो बहुधा मूळचा असे पाठचिकित्सेचे एक सूत्र आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ पासून महाभारताच्या संपादनाची धुरा घेतली तेव्हा हेच सूत्र हाती ठेवले. दुर्बोध पाठाला दुरुस्त करण्यापूर्वी तो समजून घेण्याचा प्रयत्न करावा, हा त्यांचा दंडक होता. ज्या पाठाविषयी पुरती खात्री नाही त्याच्याखाली त्यांच्या आवृत्तीत नागमोडी रेघ काढलेली आढळते. एवढ्या मोठ्या पंडिताने आपली शंका अशी उघड्यावर मांडावी, ही त्या आवृत्तीतील फार देखणी गोष्ट आहे. १९४३ मध्ये ते गेले. काम इतरांनी चालवले आणि १९६६ साली ते संपले, तोवर १,२५९ हस्तलिखिते उपयोगात आली होती.

मराठीत हे काम त्याच्या कितीतरी आधी एका संताने केले होते. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, पुरी झाली. सच्चिदानंदबाबा हे तिचे लेखक, म्हणजे स्क्राइब. पुढील जवळजवळ तीनशे वर्षांत प्रतीवरून प्रत होत गेली आणि पाठ बिघडले. शके १५०६ मध्ये, १५८४ साली, एकनाथांनी प्रती मिळवून ग्रंथ शुद्ध केला. मूळ ग्रंथ निर्मळच होता, पाठांतरांमुळे त्यात अशुद्धी शिरली, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. त्यांचा इशारा तर प्रसिद्धच आहे: या ग्रंथात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे होईल. यात नाथांनी दोन दोष नेमके वेगळे केले आहेत. पाठ बिघडणे निराळे आणि स्वतःची ओवी घुसवणे निराळे. पहिल्याला इंग्रजीत ‘करप्शन’ म्हणतात. दुसऱ्याला ‘इंटरपोलेशन’, म्हणजे प्रक्षेप. इंग्रजीतील ‘करप्ट’ हा शब्द पोथीला लावला जातो तेव्हा त्यात लाचखाऊपणाचा आरोप नसतो, नासलेपण तेवढे असते, हेही लक्षात ठेवलेले बरे.

आणि ‘ध’चा ‘मा’ करणे? नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला. ‘धरावे’ या हुकुमातील एक अक्षर आनंदीबाईंनी बदलून ‘मारावे’ केले, ही आख्यायिका मराठी मनात इतकी रुतली की तिचा वाक्प्रचार झाला. ती इतिहासाच्या कसोटीला किती उतरते हा प्रश्न बाजूस ठेवला तरी भाषेपुरते एवढे स्पष्ट आहे की ज्याला ‘ध’चा ‘मा’ म्हणतात तो हस्तदोष नव्हे. त्याला इंग्रजीत ‘फोर्जरी’ म्हणावे लागेल. अक्षर एकच बदलते, पण एका शब्दाने लेखकाला क्षमा मिळते आणि दुसऱ्याने तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

क्षमा मागण्याची सोय लेखकांनीही करून ठेवली होती. पोथीच्या शेवटी येणाऱ्या रूढ श्लोकांत तो सांगतो की जसे पुढे होते तसे उतरवले, शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला देऊ नये. दुसऱ्या श्लोकात पाठ, कंबर आणि मान मोडल्याची तक्रार आहे. तिसऱ्यात पोथीच बोलते: तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला सांभाळा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. यांपैकी पहिला श्लोक लेखकाने अर्थ न समजता मागल्या प्रतीवरून जसाच्या तसा उतरवलेला असतो आणि कित्येकदा त्यातही चुका असतात!

गोव्यातील एका ग्रंथाने तर छापखाना आणि बोरू यांचा क्रमच उलटा केला. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यास आला आणि मराठीत त्याने ‘क्रिस्तपुराण’ हे सुमारे अकरा हजार ओव्यांचे काव्य रचले. ते रोमन लिपीत १६१६ साली राचोल येथे छापले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही मुद्रित प्रत आज हाती नाही. ग्रंथ वाचला तो भाविकांनी हाताने उतरवलेल्या नकलांमुळे, आणि अशा नकलांवरूनच सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला. नंतर लंडनमध्ये मार्सडेनच्या संग्रहातील एक देवनागरी प्रत उजेडात आली. रोमन प्रतींत जेथे पोर्तुगीज वा लॅटिन धर्मसंज्ञा आहेत, तेथे या प्रतीत अनेक जागी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. ते कोणी बदलले? नकलकाराने, की स्वतः स्टीफन्सने दुसऱ्या वाचकवर्गासाठी? इंग्रजी टीप लिहिणाऱ्या संपादकाला अशा जागी ‘एरर’ हा शब्द वापरता येत नाही. तो ‘व्हेरिअंट’, म्हणजे नुसता पाठभेद, एवढेच लिहितो आणि दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापतो.