प्रकाशाने बनणारे चमकते रेणू कर्करोगाच्या पेशी कशा दाखवतात?

कर्करोगाची गाठ नेमकी कुठे संपते आणि निरोगी भाग कुठे सुरू होतो, हे शस्त्रक्रियेत नुसत्या डोळ्यांना नेहमी दिसत नाही. थोडी गाठ मागे राहिली तर आजार उलटू शकतो. जास्त कापले तर निरोगी भाग जातो. म्हणूनच पेशी चमकवणाऱ्या रसायनांवर संशोधन चालते.

प्रतिदीप्ती म्हणजे काय?

एका रंगाचा प्रकाश शोषून लगेच दुसऱ्या, कमी ऊर्जेच्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकणे म्हणजे प्रतिदीप्ती, अर्थात फ्लुओरेसन्स. अतिनील दिव्याखाली चमकणारे नोटेवरचे क्रमांक हे त्याचे ओळखीचे उदाहरण. स्पिरिटमध्ये विरघळवलेली हळदही त्या दिव्याखाली हिरवट-पिवळी चमकते.

वलय कशासाठी?

अशा बहुतेक रेणूंत अणूंची वलये असतात. वलयातले काही इलेक्ट्रॉन एकाच बंधात न अडकता सगळीकडे पसरतात. एकमेकांना जोडलेली वलये रेणूला ताठ ठेवतात, त्यामुळे शोषलेली ऊर्जा हालचालीत वाया न जाता प्रकाश होऊन बाहेर पडते.

प्रकाश वलय कसे जोडतो?

पारंपरिक पद्धतीत बऱ्याचदा तासन्‌तास उष्णता द्यावी लागते. प्रकाशाच्या पद्धतीत काचेच्या भांड्याशेजारी निळे किंवा हिरवे एलईडी लावतात आणि आत इओसिन-वायसारखा रंग उत्प्रेरक म्हणून टाकतात. प्रकाश शोषलेला रंग कच्च्या रेणूशी एका इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करतो. त्यातून झालेला क्रियाशील रेणू नवा बंध जोडतो आणि वलय पूर्ण होते. बहुधा खोलीचे तापमान पुरते.

कर्करोगाचीच पेशी का चमकते?

चमकत्या रेणूला ‘पत्ता’ जोडावा लागतो. अंडाशयाच्या कर्करोगाच्या अनेक पेशींवर फॉलिक आम्ल पकडणारी प्रथिने जास्त असतात. त्यांवर बेतलेल्या पॅफोलासियानिन या रंगाला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

मेंदूच्या ग्लायोमा गाठीसाठी वेगळी युक्ती आहे. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला ५-एएलए पाजतात. गाठीच्या पेशी त्यापासून स्वतःच प्रोटोपॉर्फिरिन हा वलयी रेणू बनवतात आणि निळ्या-जांभळ्या प्रकाशात गाठ लालसर दिसते. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमधील शल्यविशारदांनीही हे तंत्र वापरले आहे. जर्मनीतील २००६ च्या चाचणीत या तंत्राने ६५ टक्के रुग्णांची स्कॅनमध्ये उठून दिसणारी गाठ पूर्ण निघाली. साध्या प्रकाशात हे प्रमाण ३६ टक्के होते. मात्र रुग्णांच्या एकूण आयुर्मानात लक्षणीय फरक आढळला नाही.

चमक म्हणजे उपचार नव्हे

प्रयोगशाळेत पेशी चमकवणारा रेणू रुग्णापर्यंत येण्याआधी तो विषारी नाही ना, शरीराबाहेर पडतो ना, निरोगी पेशींना चिकटत नाही ना, हे तपासावे लागते. त्याला अनेक वर्षे लागतात आणि बहुतेक रेणू वाटेतच गळतात. त्यामुळे ‘कर्करोग शोधणारे नवे रसायन’ अशी पोस्ट दिसली, तर प्रयोग पेशींवर झाला, प्राण्यांवर की माणसांवर, हे आधी पाहावे. न भरणारी जखम किंवा अंगावरची गाठ मात्र आजच डॉक्टरांना दाखवावी.