जर्मन पोलिसांच्या युद्धकालीन वस्तू : संग्रह, पारख आणि जबाबदारी

दुसऱ्या महायुद्धातील लष्करी वस्तूंचा संग्रह हा युरोप-अमेरिकेत फार पूर्वीच स्थिरावलेला छंद आहे. त्यातही जर्मन पोलिसांच्या शिरस्त्राणांचा, बिल्ल्यांचा, संगिनींचा आणि कागदपत्रांचा संग्रह करणारा एक स्वतंत्र वर्ग आहे. एसएस किंवा गेस्टापो यांच्या वस्तूंभोवती जी काळी छाया आहे, तिच्यापासून साध्या पोलिसाची टोपी मुक्त आहे, अशी या वर्गातील अनेकांची समजूत असते. चौकात वाहतूक हाकणाऱ्या शिपायाचा राजकारणाशी काय संबंध, असा त्यामागचा विचार. इतिहासाने मात्र या समजुतीला आधार दिलेला नाही. या वस्तू कोणत्या, त्या कशा पारखाव्यात आणि त्यांच्यासोबत कोणता इतिहास हाती येतो, याचा हा परिचय.

पोलीस दलाची रचना

वायमार प्रजासत्ताकात पोलीस हा घटक राज्यांचा विषय होता. 17 जून 1936 रोजी हाइनरिश हिमलर यांची जर्मन पोलिसांचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली आणि सारे पोलीस दल एका हाती आले. हिमलर हे एसएसचेही प्रमुख असल्याने शासनाचे पोलीस आणि पक्षाची संघटना यांच्यातील सीमारेषा तेव्हापासूनच पुसट होऊ लागली.

दलाचे दोन भाग करण्यात आले. गुन्हे अन्वेषण शाखा, म्हणजे क्रिपो, आणि गुप्त राजकीय पोलीस, म्हणजे गेस्टापो, हे राइनहार्ड हायड्रिश यांच्या सुरक्षा पोलिसांत गेले. गणवेशधारी पोलीस कुर्ट डालुएगे यांच्या हाताखाली आले. या दलाचे नाव ऑर्डनुंग्सपोलिझाय, संक्षेपाने ऑर्पो. शहरांसाठी शुट्झपोलिझाय, ग्रामीण भागासाठी झांदार्मरी आणि लहान नगरपालिकांसाठी गेमाइंडेपोलिझाय अशा त्याच्या मुख्य शाखा होत्या. जलपोलीस आणि अग्निशमन पोलीसही त्यातच मोडत. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पोलिसी वस्तू या गणवेशधारी दलाच्या असतात.

संग्रहातील प्रमुख वस्तू

सर्वांत ओळखीची वस्तू म्हणजे शाको ही उंच, ताठ टोपी. पुढे-मागे काळा छज्जा, हिरवट कापडाचे आवरण आणि समोर ओक-पानांच्या वर्तुळातील गरुडाचा धातूचा बिल्ला, असे तिचे रूप. शाको नाझींनी निर्माण केलेला नाही. वायमार काळातील पोलिसांच्या डोक्यावर तो होताच आणि युद्धानंतर पश्चिम जर्मनीतील पोलिसांनीही तो बिल्ला बदलून वापरला.

गणवेशावरील रंगांतून शाखा ओळखता येते. शहरी पोलिसांना हिरवा, झांदार्मरीला नारिंगी, नगरपालिका पोलिसांना मद्यलाल आणि जलपोलिसांना पिवळा रंग होता. डाव्या बाहीवर भरतकामातील गरुड असे. सुरुवातीच्या काळातील अनेक गरुडांवर गावाचे किंवा जिल्ह्याचे नावही विणलेले सापडते. त्यामुळे एखाद्या गावाचा स्थानिक इतिहास अभ्यासणाऱ्यालाही हे कापडी तुकडे उपयोगी ठरतात. पट्ट्याच्या बक्कलवर ‘देव आमच्यासोबत’ या अर्थाची जर्मन अक्षरे आणि मध्यभागी स्वस्तिकचिन्ह असे.

गरुडाच्या मस्तकाची मूठ आणि सांबरशिंगाची पकड असलेली संगीन ही शस्त्रसंग्राहकांची आवडती वस्तू. ती बहुतांशी झोलिंगेन या पात्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात घडे. वायमार काळातील लांब संगिनी आखूड करून पुन्हा वापरल्याचेही आढळते. आडव्या पट्टीवर ठाण्याचा आणि क्रमांकाचा ठसा असतो. संगीन आणि म्यान यांवरील ठसे जुळले तर वस्तूचे मोल वाढते.

30 जानेवारी 1938 रोजी पोलिसांसाठी दीर्घसेवा पदके सुरू झाली. 8 वर्षांच्या सेवेसाठी रुपेरी पदक, 18 वर्षांसाठी रुपेरी क्रूस आणि 25 वर्षांसाठी सोनेरी क्रूस अशा तिच्या श्रेणी होत्या. पदकासोबत नाव लिहिलेले प्रमाणपत्र असेल तर ते पदकाहून अधिक बोलके असते.

गणवेशामागचा इतिहास

युद्ध सुरू झाल्यावर ऑर्पोच्या तुकड्या व्यापलेल्या प्रदेशांत पाठवण्यात आल्या. 27 जून 1941 रोजी पोलंडमधील बिआविस्तोक शहरात पोलीस बटालियन 309 ने ज्यूंना प्रार्थनागृहात कोंडून ते पेटवून दिले. 29 आणि 30 सप्टेंबर 1941 या दोन दिवसांत कीव्हजवळील बाबी यार येथे 33,771 ज्यूंची हत्या झाली; त्यातही पोलीस बटालियनींचा सहभाग होता.

सर्वांत सखोल अभ्यास झाला तो हॅम्बुर्गच्या राखीव पोलीस बटालियन 101 चा. सुमारे 500 जणांच्या या तुकडीत गोदीकामगार, ट्रकचालक, कारकून अशी मध्यमवयीन माणसे होती. 13 जुलै 1942 रोजी पोलंडमधील युझेफूफ गावी त्यांना ज्यू स्त्रिया, मुले आणि वृद्धांना गोळ्या घालण्याचा हुकूम मिळाला. ज्याला हे काम नको असेल त्याने बाजूला व्हावे, अशी मुभा त्यांचे प्रमुख मेजर ट्राप यांनी दिली होती. डझनभर माणसेच पुढे आली. त्या दिवशी सुमारे 1,500 जण मारले गेले. नोव्हेंबर 1943 पर्यंत या एका बटालियनने किमान 38,000 जणांना गोळ्या घातल्या आणि 45,000 जणांना ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीकडे रवाना केले, असा हिशेब इतिहासकार ख्रिस्तोफर ब्राउनिंग यांनी 1992 च्या आपल्या ग्रंथात मांडला आहे.

ब्रिटिशांच्या ब्लेचली पार्क येथील संकेतभेद केंद्राने 1941 च्या उन्हाळ्यातच जर्मन पोलिसांचे बिनतारी संदेश उलगडले होते आणि त्यांत ठार केलेल्यांचे आकडे होते. 13 सप्टेंबर 1941 रोजी डालुएगे यांनी असे आकडे बिनतारी संदेशाने पाठवू नयेत, अशी ताकीद दिली. 1946 मध्ये त्यांना प्राग येथे फाशी झाली. तथापि न्यूरेंबर्गच्या न्यायाधिकरणाने एसएस, एसडी आणि गेस्टापो यांना गुन्हेगारी संघटना ठरवले, त्यात ऑर्पोचे नाव नव्हते. अनेक पोलीस युद्धानंतर पुन्हा नोकरीत रुजू झाले. ‘साध्या पोलिसा’च्या निष्पापपणाची समजूत दीर्घकाळ टिकली, तिचे एक कारण हेच.

अस्सल आणि बनावट

या बाजारात प्रतिकृतींचा सुळसुळाट आहे. सर्वाधिक नक्कल होते ती गेस्टापो आणि क्रिपो यांच्या ओळखचकतीची. एका बाजूला गरुड, दुसऱ्या बाजूला शाखेचे नाव आणि क्रमांक एवढाच मजकूर तिच्यावर असतो. धारकाचे नाव किंवा छायाचित्र नसते. त्यामुळे ती बनवणे सोपे आणि पडताळणे कठीण. चकती स्वस्तात मिळत असेल तर ती बनावट आहे असे गृहीत धरूनच पुढे जावे.

कापडी वस्तूंसाठी अतिनील दिव्याची चाचणी प्रचलित आहे. युद्धोत्तर काळातील कृत्रिम धागे या प्रकाशात निळसर चमकतात. मात्र जुने कापड पुढे आधुनिक साबणाने धुतले असेल तर तेही चमकू शकते, म्हणून ही चाचणी एकटी पुरेशी नाही. शिवण, अस्तर, घामाचे डाग आणि बिल्ल्याच्या जागेची छिद्रे एकमेकांशी जुळतात का, हे पाहावे. शाकोच्या बाबतीत ही छिद्रे विशेष महत्त्वाची, कारण युद्धोत्तर टोपीवर जुन्या नमुन्याचा बिल्ला चढवणे अवघड नसते. पोलादी शिरस्त्राणाच्या एका बाजूला पोलिसी गरुडाचे आणि दुसऱ्या बाजूला पक्षाच्या ढालीचे चिन्ह असते. शिरस्त्राण खरे आणि चिन्ह मागाहून डकवलेले, असा प्रकारही सर्रास आढळतो.

कायद्याची चौकट

जर्मनीच्या दंडसंहितेतील कलम 86 अ नुसार नाझी चिन्हांचा सार्वजनिक वापर आणि प्रसार हा 3 वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. संशोधन, अध्यापन, कला आणि इतिहासाचे वृत्तांकन यांना अपवाद आहे, आणि केवळ खासगी जवळ बाळगणे हा गुन्हा नाही. म्हणूनच तेथील लिलावसूचींत चिन्हे झाकलेली दिसतात. ऑस्ट्रेलियात जानेवारी 2024 पासून नाझी चिन्हांचे सार्वजनिक प्रदर्शन आणि व्यापार यांवर बंदी आहे; हिंदू, बौद्ध आणि जैन धर्मांतील स्वस्तिकाचा वापर त्यातून वगळला आहे. आपल्या दारावरचे स्वस्तिक आणि हिटलरच्या पक्षाचे चिन्ह यांतील फरक आपल्याला उघड वाटतो, पण परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाने तेथील कायदा जाणून घेणे हिताचे.

कागद आणि छायाचित्रे

खरी जबाबदारी येते ती कागदपत्रांच्या ठिकाणी. सेवापुस्तिकेतील तुकडीचा शिक्का, तारीख आणि ठिकाण यांवरून तो माणूस कोणत्या दिवशी कोठे होता हे कळते. पोलिसांनी स्वतः काढलेली छायाचित्रे 1960 च्या दशकातील खटल्यांच्या तपासात उपयोगी पडली होती. असे अल्बम आजही घराघरांतून बाहेर येतात. 2020 मध्ये प्रकाशित झालेली सोबिबोर छावणीची छायाचित्रे ही तेथील उपप्रमुख, एसएस अधिकारी योहान नीमान यांच्या कुटुंबाने जपलेल्या संग्रहातली होती. तो संग्रह आता वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मृतिसंग्रहालयात आहे.

याउलट अनेक विक्रेते अल्बम फोडून एकेक छायाचित्र वेगळे विकतात, पुस्तिका एकाला आणि पदक दुसऱ्याला देतात. त्यातून पैसे जास्त मिळतात, पण माणूस, जागा आणि दिवस यांचा धागा तुटतो आणि तो पुन्हा जोडता येत नाही. यास्तव संग्राहकाने संच एकत्र ठेवावा, वस्तू कोठून आली याची नोंद लिहून ठेवावी, छायाचित्राच्या मागील मजकुराची प्रत काढावी आणि हत्या किंवा हद्दपारीचे दृश्य हाती आल्यास संग्रहालयाला कळवावे. म्युन्स्टर शहरातील व्हिला टेन होम्पेल ही वास्तू युद्धकाळात ऑर्पोचे प्रादेशिक मुख्यालय होती. आज तेथे पोलिसांच्या याच भूमिकेचे स्मारक आणि अभ्यासकेंद्र आहे. कपाटातील एखादी पुस्तिका तेथील अभ्यासकाला मृतांपैकी कोणाची तरी अखेरची नोंद शोधून देऊ शकते.